घातक कचऱ्याचं ऑथरायझेशन काढून देणारी कन्सल्टन्सी: चिपळूण आणि रत्नागिरी, दोन जागांचा अनुभव

आमच्या गॅरेजच्या घातक कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, म्हणजे ऑथरायझेशन, काढून देणाऱ्या कन्सल्टन्सीला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. कन्सल्टन्सीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की लोक फक्त फोन नंबर मागतात आणि बाकीचं कोणी वाचत नाही, आणि मला विचाराल तर बाकीचंच जास्त कामाचं आहे. लोटे (केमिकल कंपन्यांची एमआयडीसी) ते चिपळूण पट्ट्यात ही कामं करणारी बरीच मंडळी आहेत, त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं नाही एवढं कळलं तरी गॅरेजवाल्यांना, बोटींची इंजिनं उघडणाऱ्यांना, छोट्या वर्कशॉपवाल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं मुख्य गॅरेज चिपळूणला हायवेच्या कडेला, फोर व्हीलर आणि छोटे टेम्पो येतात, आणि दुसरी शेड रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराच्या बाजूला, तिथे बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. दोन्हीकडे काळं ऑइल निघतं, फिल्टर निघतात, तेलकट चिंध्या निघतात, थिनर निघतं. हे सगळं कोकणात वर्षानुवर्षं कुठे जात आलंय ते कुणाला सांगायला नको. भंगारवाला ड्रम उचलतो, चिरेखाणीवाले नेतात, उरलेलं कुंपणाच्या खांबांना नाहीतर गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जातं. आजही माणसं पाच लिटरचा कॅन हातात घेऊन येतात, "भाऊ, थोडं काळं ऑइल द्या ना, मांगराच्या लाकडाला लावायचंय." ओळखीची माणसं असतात, नाही म्हणताना जीवावर येतं, पण आता नाहीच म्हणतो. त्या ऑइलमध्ये धातूचा चुरा असतो, अर्धवट जळालेलं काय काय असतं, आणि आपल्याकडचा पाऊस असा की खांबाला लावलेलं चार महिन्यांत धुऊन विहिरीच्या वाटेला लागतं.

नियम काय आहे ते आधी थोडक्यात. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याखाली घातक व इतर कचऱ्याचे २०१६ चे नियम. ज्या जागेत असा कचरा तयार होतो त्या जागेच्या ताबेदाराने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फॉर्म १ भरून ऑथरायझेशन घ्यायचं, मंडळाने पूर्ण अर्जावर १२० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा, आणि मिळतं ते फॉर्म २ मध्ये, ५ वर्षांसाठी. त्यावर एक नंबर असतो, आणि इथून पुढे तुमच्या गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिंपाच्या कागदावर तो नंबर लागतो. महाराष्ट्रात हे बहुतेक वेळा कन्सेंटबरोबरच (पाणी आणि हवा प्रदूषणाच्या कायद्यांखाली मंडळाची संमती) एकत्र मिळतं म्हणून लोकांना वाटतं की कन्सेंट आहे म्हणजे झालं. तसं नाही, कन्सेंटच्या कागदात घातक कचऱ्याचा तक्ता असतो तो उघडून बघा, त्यात तुमचा कचरा कोणत्या क्रमांकाखाली, वर्षाला किती आणि तो कुठे पाठवायचा हे लिहिलेलं असतं. तक्ता कोरा असेल किंवा त्यात भलतंच काही असेल तर त्या कागदाचा पिंप हलवायला काही उपयोग नाही.

या कन्सल्टन्सीच्या आधी एका एजंटला काम दिलं होतं. माणूस गोड बोलणारा, पण जागा बघायला एकदाही आला नाही, आधार, पॅन, लाइट बिल, भाडेकरार व्हॉट्सअपवर मागवून घेतले आणि म्हणाला दोन्ही ठिकाणचं एकाच नंबरवर बसवून टाकू, फर्म एकच आहे ना, रत्नागिरीचा माल चिपळूणच्या नावाने जाईल, कोण बघतंय. काही दिवसांनी एक लांबलचक आकडा पाठवला, म्हणे हा घ्या तुमचा नंबर. तो होता यूएएन, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरला की अर्जाला मिळतो तो क्रमांक. हा घोळ खूप जणांचा होतो कारण पुढे कन्सेंट मिळतं त्याच्या क्रमांकातसुद्धा तो यूएएन दिसतो. पण नुसता यूएएन म्हणजे तुम्ही अर्ज केलाय एवढंच, मंजुरी मिळाली असं नाही. पावतीचा स्क्रीनशॉट फ्रेम करून काउंटरच्या मागे लावलेले गॅरेज मी स्वतः बघितलेत, आणि त्या मालकांना अगदी मनापासून वाटत असतं की आपलं सगळं कायदेशीर आहे. त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडून पैसे घेऊन हे हातात देणाऱ्याचा आहे.

मग ही कन्सल्टन्सी एका मित्राने सुचवली, त्याचं लोट्याला छोटं युनिट आहे. फोनवर पहिलाच प्रश्न आला, जागा किती आहेत? आणि दुसरा, दोन्ही जागी मी येऊन बघितल्याशिवाय फॉर्म भरणार नाही, चालेल का? तिथेच मला बरं वाटलं.

आलेली इंजिनिअर खेडची, वयाने आमच्या पोरांएवढी, पण सगळे तिला ताईच म्हणायला लागले. आल्या आल्या तिने ऑफिसमध्ये बसून चहा घेतला नाही, सरळ मागे गेली जिथे पिंपं असतात. झाकण उघडून लाकडी पट्टी आत घातली, बाहेर काढली तर वर काळं आणि खाली हाताएवढा भाग नुसता ओला, म्हणजे तळाशी पाणी. शेडचं पन्हळ गळत होतं आणि झाकणाच्या बुचातून पाणी आत जात होतं. तिने मेकॅनिकला विचारलं, फिल्टर काढल्यावर किती वेळ निथळत ठेवतोस? तो म्हणाला काढला की टाकला. तिने तिथेच एक जुनी जाळी मागवली, खाली ट्रे ठेवला आणि गरम असतानाच फिल्टर भोक पाडून उलटे मांडायला लावले, रात्रभर राहू दे म्हणाली. सकाळी ट्रेमध्ये जेवढं ऑइल साचलं होतं ते बघून आमची पोरं गप्पच झाली, कारण तेवढं रोज फिल्टरबरोबर कचऱ्यात जात होतं. मग तिने वर्षभराची ऑइल खरेदीची बिलं मागितली, किती ऑइल आत आलं यावरून साधारण किती बाहेर पडेल याचा हिशोब मांडला आणि तोच आकडा फॉर्ममध्ये टाकला. एजंटने मनानेच एक गोल आकडा टाकला होता आणि तो इतका कमी होता की दोन-तीन महिन्यांतच आम्ही मंजूर मर्यादेबाहेर गेलो असतो.

कचऱ्याची वर्गवारी हा भाग मला या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा वाटला. वापरलेलं ऑइल नियमांच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे कचऱ्याच्या यादीत, ५.१ खाली येतं, तेल असलेला बाकीचा गाळ, फिल्टर वगैरे ५.२ खाली, केमिकल लागलेले रिकामे ड्रम आणि डबे ३३.१ आणि तेलकट चिंध्या ३३.२. बॅटऱ्या यात नाहीतच, त्यांचे वेगळे नियम आहेत २०२२ चे. आता हे वेगळं वेगळं लिहिणं का महत्त्वाचं तर ५.१ चं ऑइल परवानाधारक री-रिफायनरकडे, म्हणजे जुनं ऑइल शुद्ध करणाऱ्याकडे, जाऊ शकतं, त्याचे पैसेही मिळतात, पण चिंध्या आणि गाळ तिकडे जात नाही, तो सामाईक विल्हेवाट केंद्रात जातो, आपल्याला जवळचं म्हणजे तळोजा, आणि तिथे आधी मेंबरशिप घ्यावी लागते. सगळं एकाच पिंपात ढकललं तर चांगल्या ऑइलचीही किंमत जाते आणि पूर्ण पिंपाचा विल्हेवाटीचा खर्च आपल्या बोकांडी बसतो. बंदरातल्या शेडमध्ये तर ताईने ऑइलसाठी दोन पिंपं ठेवायला लावली, एक इंजिन ऑइलचं आणि एक बोटीच्या तळातून येणाऱ्या तेलमिश्रित पाण्याचं, कारण खारं पाणी मिसळलेलं ऑइल री-रिफायनर घेत नाही नाहीतर भाव पाडून घेतो.

आता दोन जागांचं. तिने स्पष्ट सांगितलं की ऑथरायझेशन जागेचं असतं, फर्मचं नाही. सातबारा जसा त्या जमिनीचा, मालकाच्या दुसऱ्या गावातल्या जमिनीला तो चालत नाही, तसंच हे. फॉर्म १ मध्येच युनिटचा पत्ता आणि ठिकाण द्यावं लागतं, आणि कचरा जिथे तयार झाला तिथूनच त्याचा प्रवास सुरू झाला पाहिजे. रत्नागिरीचं पिंप चिपळूणच्या नंबरवर टाकायचं म्हणजे आधी ते पिंप हातखंबा, संगमेश्वर करत हायवेने चिपळूणपर्यंत बिनकागदाचं आणायचं, आणि मध्ये टेम्पो पलटी झाला तर ते ऑइल कोणाचं, कुठलं, काहीच सिद्ध करता येत नाही. नियमांत जबाबदारी कचरा तयार करणाऱ्यावरही आहे, नीट हाताळणी न झाल्याने पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाई त्याच्याकडून. शिवाय १९८६ च्या कायद्याखालचा दंड जनविश्वास कायद्याने बदललाय, आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत होऊ शकतो. एजंटची फी वाचवायला एवढी जोखीम कोण घेईल? आम्ही दोन वेगळे अर्ज केले.

माझा भाचा न्यू जर्सीत गाड्यांच्या एका बॉडी शॉपमध्ये मॅनेजर आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणाला मामा, आमच्याकडे पण अगदी असंच. तिकडे त्याला ईपीए (त्यांची केंद्रीय पर्यावरण संस्था) आयडी नंबर म्हणतात, १२ अक्षर-अंकांचा, पहिली दोन अक्षरं राज्याची, आणि तो जागेला चिकटलेला असतो. कंपनीच्या दहा जागा असल्या तर दहा नंबर, आणि दुकान दुसऱ्या पत्त्यावर हलवलं तर नवीन नंबर. कायदा त्यांचा १९७६ चा, आणि नंबर लागतो की नाही ते महिन्याला किती कचरा निघतो यावर. महिन्याला १०० किलोपर्यंत असेल तर केंद्राच्या नियमाने नंबर लागत नाही, काही राज्यं मात्र तेवढ्यालाही मागतात. १०० च्या वर ते १००० किलोच्या आत म्हणजे छोटा जनरेटर (कचरा तयार करणारा), १००० आणि वर म्हणजे मोठा. छोट्यांनी दर चार वर्षांनी परत कळवायचं की आम्ही अजून इथेच आहोत आणि एवढाच कचरा काढतोय. आणि एक गंमत वाटली, त्यांच्याकडे रिसायकलिंगला जाणारं जुनं इंजिन ऑइल वेगळ्या नियमात आहे, नुसतं ते ऑइल निघतं म्हणून गॅरेजला नंबर घ्यावा लागत नाही, ते गोळा करून नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरला लागतो. भाच्याच्या शॉपला नंबर आहे तो थिनर आणि पेंटच्या कचऱ्यामुळे. आपल्याकडे मात्र ऑइल स्वतःच ५.१ आहे, त्यामुळे तिकडचं वाचून इकडे "ऑइलला काही लागत नाही" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. व्हॉट्सअपवर असे अमेरिकेचे नियम मराठीत करून फिरत असतात.

मॅनिफेस्ट, म्हणजे पिंपाबरोबर जाणारा कागद. हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, घाबरण्यासारखं काही नाही. फॉर्म १०, सात प्रती, आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, फिकट पिवळी ट्रान्सपोर्टरची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची, बाकी पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी माल घेणाऱ्याकडे राहते, केशरी तो ट्रान्सपोर्टरला देतो, हिरवी तो मंडळाला पाठवतो आणि निळी परत आपल्याकडे येते. करडी फक्त माल दुसऱ्या राज्यात गेला तर लागते. ताईने पोरांना फळ्यावर रंगीत खडूने हे काढून दाखवलं आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: निळी परत आली नाही तर गप्प बसू नका, फोन करा, कारण निळी आली म्हणजे आपलं पिंप जिथे जायला हवं होतं तिथे पोचलं. पूर्वी भंगारवाला पिंप घेऊन वळणावर दिसेनासा झाला की आपला संबंध संपायचा. आता आमच्या फाइलमध्ये पिवळीला निळी पिन केलेली असते, आणि माझा मोठा मेकॅनिक स्वतःहून विचारतो, शेठ, मागच्या खेपेची निळी आली काय? मला हे फार मोठं वाटतं.

सावंतवाडी, बांदा भागातल्यांसाठी एक वेगळं सांगतो कारण तिकडच्या लोकांना गोवा जवळ पडतं. दुसऱ्या राज्यात रिसायकलिंगला पाठवत असाल तर गाडीत माल चढवायच्या आधी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावं लागतं, आणि कायमच्या विल्हेवाटीला पाठवत असाल तर दोन्हीकडची ना हरकत लागते. सीमा दहा किलोमीटरवर असली तरी.

लेबल हा अजून एक प्रकार. पिंपावर फॉर्म ८ चं लेबल लावायचं, चकाकत्या पिवळ्या रंगाचं, त्यावर घातक कचरा आणि काळजीपूर्वक हाताळा ही वाक्यं लाल अक्षरात, हिंदी, इंग्रजी आणि मराठीतसुद्धा. आणि ते पाण्याने जाणारं नको. एजंटने साध्या कागदावर प्रिंट काढून दिलं होतं, ते पहिल्या पावसातच गळून पडलं. या लोकांनी फ्लेक्सच्या मटेरियलवर छापून दिलं, जुलै-ऑगस्ट काढला, अक्षर जसंच्या तसं आहे.

पावसाचाच विषय निघालाय तर साठवणीचं लिहितो. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणमध्ये कोणी विसरणार नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांच्या, गॅरेजच्या मालाबरोबर काय काय वाहून गेलं ते पाणी उतरल्यावर भिंतींवर दिसत होतं, काळ्या तेलकट रेषा. ताईने म्हणूनच आमच्या पिंपांची जागा बदलायला लावली, मागच्या उतारावरून उचलून वरच्या चौथऱ्यावर, भोवती सिमेंटचा बांध, एक पूर्ण पिंप फुटलं तरी तेल बाहेर येणार नाही एवढा, आणि पिंपं साखळीने खांबाला बांधलेली, कारण अर्धवट भरलेलं पिंप पाण्यात तरंगतं. ही साखळी नियमात कुठे लिहिलेली नाही, तिचं तिने सुचवलं. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण फी द्यायला तयार होतो. लोट्याचं पाणी, दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी हे सगळं ऐकत आपण मोठे झालो आणि बोट कायम मोठ्या कंपन्यांकडे दाखवत आलो, ते बरोबरच आहे, पण त्याच नदीला आपल्या गॅरेजचंही गटार मिळतं.

आता कापलेला स्टार. ऑथरायझेशन हातात आलं, पावसाच्या आधी अर्ज केला होता तो गणपती झाल्यावर मंजूर झाला, ठीक आहे. पण पुढे पिंप उचलायला गाडी कधी येणार हे यांनी आधी नीट सांगितलं नाही. री-रिफायनरची गाडी एक-दोन पिंपांसाठी रत्नागिरीपर्यंत येत नाही, त्यांना फेरी भरायला हवी, आणि आपण थांबत राहतो. आणि नियम असा की कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. म्हणजे गाडी येत नाही आणि मुदत संपत चाललीय. मी विचारल्यावर मग त्यांनी सांगितलं की वर्षाला १० टनांपर्यंत कचरा काढणाऱ्या छोट्यांना मंडळ ही मुदत वाढवून देऊ शकतं, १८० दिवसांपर्यंत, त्याचा अर्ज करूया. केला, झालं, पण हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, कोकणातल्या प्रत्येक छोट्या जागेला हा प्रश्न येणारच आहे. दुसरी तक्रार म्हणजे जून महिन्यात यांचा फोन लागत नाही. मार्चअखेरपर्यंतचं वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनच्या आत भरायचं असतं त्यामुळे सगळे एकदम यांच्या मागे लागतात. फॉर्म ३ चं कचऱ्याचं रजिस्टर रोजच्या रोज लिहिलेलं असेल तर फॉर्म ४ तासाभरात भरून होतो, म्हणून आता आमचं आम्हीच भरतो. फी मात्र चोख, सरकारी वेगळी आणि यांची वेगळी लिहून दिली, दोन्हीच्या पावत्या दिल्या, "साहेबांना द्यायचे" असलं काही एकदाही तोंडातून आलं नाही.

कोणाकडेही काम देणार असाल तर तीन गोष्टी विचारा: जागा बघायला येणार का, तक्त्यात कुठले कुठले क्रमांक टाकणार, आणि मंजुरीनंतर पिंप कोण उचलणार आणि किती दिवसांनी. तिसऱ्याला "ते बघू नंतर" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. भाड्याची जागा असेल तर हलायच्या आधी नवीन पत्त्याचा अर्ज सुरू करा, जुना कागद बरोबर नेऊन चालत नाही.

मिरकरवाडा ते जयगड पट्ट्यात बोट इंजिनांची कामं करणारे अजून बरेच जण आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं चाललंय की सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलवावी म्हणजे फेरी भरते आणि कोणाचं पिंप पडून राहत नाही. गाडी एक असली तरी प्रत्येकाला आपापल्या जागेचं ऑथरायझेशन लागेल आणि प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं निघेल, दोघांकडे कागद तयार आहेत, बाकीच्यांचे अर्ज चालू आहेत. दिवाळीनंतर समुद्र शांत असतो, बोटी बाहेर असतात, शेड रिकाम्या असतात, तेव्हा पहिली फेरी लावायचा विचार आहे.